निराश्रित माता आणि आपलें कर्तव्य

गेल्या नाताळांतील गोष्ट. प्रतिवर्षाप्रमाणें आमच्या विद्यार्थ्यांनीं गोळा केलेल्या चादरी, जुने कपडे व फराळाच्या पुड्या घेऊन आम्ही रस्त्यावर निजणाऱ्या लोकांकडे गेलों होतों. एका उड्डाणपुलाखालीं, दोन खांबांच्या मध्यें पोतें आडवें बांधून, त्याच्या आडोशाला एक तरुण स्त्री बसली होती. तिचे दिवस भरत आले होते, हें लहान मुलांच्याही ध्यानांत येण्यासारखें होतें. जवळच तिचा नवरा तीन दगडांच्या चुलींत लांकडें सारीत होता. मुलांनीं तिला चादर दिली, लाडू दिले. तिनें हात जोडले. आणि पुण्य पदरीं पडल्याच्या समाधानांत आम्ही घरीं परतलों. जानेवारींत शाळा उघडली तेव्हां आठव्या इयत्तेंतील एका मुलीनें मला विचारलें, "सर, त्या बाईंना मुलगा झाला कीं मुलगी?" मी निरुत्तर झालों. दुसऱ्या दिवशीं मुद्दाम त्या पुलाखालीं गेलों, तों तेथें धुरानें काळे पडलेले तीन दगड तेवढे उरले होते. कोणाला विचारावें, आणि काय म्हणून विचारावें? आमच्यापैकीं कोणीं तिचें नांवही विचारून घेतलें नव्हतें.

त्या मुलीच्या साध्या प्रश्नानें मला जें शिकविलें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. माझें मत थोडक्यांत असें आहे कीं, निराश्रित गरोदर स्त्रीला वर्षांतून एकदां दान दिल्यानें आपलें कर्तव्य संपत नाहीं. तिला दात्यापेक्षां पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसाची गरज अधिक असते. ती दवाखान्यापर्यंत येण्याची वाट पाहत न बसतां, ती जेथें आहे तेथें आरोग्याची सेवा गेली पाहिजे. आणि ती जाण्याच्या कामीं समाजानें, म्हणजे तुम्हीं आम्हीं, हातभार लाविला पाहिजे.

ज्या सणाच्या निमित्तानें आम्ही त्या पुलाखालीं गेलों, तो सण तरी कशाचा? उतारशाळेंत जागा न मिळालेल्या एका प्रवासी जोडप्याच्या पोटीं गव्हाणींत जन्मलेल्या बालकाचा. आमच्या हिंदु विद्यार्थ्यांना लवकुशांचा जन्म ठाऊक आहे. गरोदर सीतामाई अरण्यांत एकटी पडली असतां वाल्मीकींनीं तिला आश्रमांत नेलें. नेण्यापूर्वीं त्यांनीं तिच्यापाशीं राहण्याचा दाखला मागितला नाहीं. मुसलमान विद्यार्थ्यांना कुराणांतील मरियमची कथा माहीत आहे. तिला प्रसववेदना झाल्या त्या खजुराच्या झाडाखालीं. तिन्ही धर्मांतील लोक या मातांपुढें आदरानें मस्तक लववितात. परंतु तीच माता आज आपल्या रस्त्यावर बसलेली दिसली, तर आपण पाऊल उचलून पुढें जातों. ही विसंगति आपणांस लाजविणारी नाहीं काय?

अशीं माणसें थोडीं आहेत, असेंही नाहीं. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर असल्याचें आढळलें. त्यांपैकीं ९ लाखांहून अधिक शहरांत होते. त्यांत दुष्काळानें गांव सोडलेले मजूर आहेत, बांधकामाचें काम संपल्यावर निवारा गमावलेलीं कुटुंबें आहेत, नवऱ्यानें टाकलेल्या व घरच्यांनीं हांकलून दिलेल्या स्त्रिया आहेत. यांतील पुष्कळ जण दिवसभर काबाडकष्ट करितात. आपल्या शहरांतील इमारती, गटारें व रस्ते यांना त्यांचे हात लागलेले असतात. त्यांना मात्र त्या रस्त्याचा कडेचा भाग तेवढा मिळतो.

गरोदरपण हा कांहीं रोग नव्हे. परंतु त्या काळांत शरीराला जें लागतें तें रस्त्यावर मिळत नाहीं. पोटभर अन्न नसल्यानें रक्त कमी होतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं ५२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें दिसून आलें. ही पाहणी घरोघर जाऊन केलेली होती. ज्यांना घरच नाहीं, त्यांची त्यांत गणतीही नाहीं! रक्त आधींच कमी असलेल्या स्त्रीला बाळंतपणांत थोडा अधिक रक्तस्राव झाला, तरी तो प्राणावर बेततो. रक्ताचा दाब वाढला तर तो वाढल्याचें तपासल्यावांचून कळत नाहीं. कळतें तेव्हां तिला झटके येऊं लागलेले असतात. जन्मतः अडीच किलोहून कमी वजनाच्या मुलाला थंडी फार लवकर बाधते. आपल्या घरांतील बाळंतिणीला आपण वाऱ्याच्या झुळुकेपासून जपतों. आणि ही बाळंतीण तर वाऱ्यांतच निजलेली असते. लघवीची सोय नाहीं म्हणून ती पाणी कमी पिते. त्यानें दुसरे विकार जडतात. रात्रीं कोणी अंगावर येईल या धास्तीनें तिला सलग झोंपही नसते.

यावर सुज्ञ पालक म्हणतील कीं, सरकारी इस्पितळें आहेत, योजना आहेत. मग अडचण कोठें येते? योजना खरोखरच चांगल्या आहेत, आणि त्यांची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. २०११ सालीं सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यांत बाळंतपण विनामूल्य होतें; शस्त्रक्रिया करावी लागली तरी खर्च पडत नाहीं; औषधें, तपासण्या, रक्त व तेथील मुक्कामांतील जेवण फुकट मिळतें; दवाखान्यांत नेण्याला गाडी मिळते आणि नंतर घरीं पोंचविण्यालाही मिळते. त्यानंतर आशा स्वयंसेविकेनें बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जाऊन आई व मूल या दोघांनाही पाहावयाचें असतें. शहरांत २०० ते ५०० कुटुंबांमागें एक आशा असावी, असा दंडक आहे.

आतां विद्यार्थ्यांनीं हा परिच्छेद पुन्हा एकदां वाचावा आणि त्यांत 'घर' हा शब्द कितीदां येतो तें मोजावें. गाडी बाळंतिणीला घरीं पोंचविते. जिला घर नाहीं तिला कोठें पोंचवावयाचें? पुलाखालीं? आशा सहा वेळां घरीं जाते. जिचें घर म्हणजे आज या पुलाखालीं आणि उद्यां दुसऱ्या पुलाखालीं, तिच्याकडे ती कोणत्या पत्त्यावर जाणार? जी वस्ती कुटुंबांच्या यादींत नाहीं, ती आशेच्या वांट्याला येत नाहीं. कोणी वाईट हेतूनें या स्त्रीला वगळलें, असें नाहीं. ज्यांनीं नियम केले त्यांच्या डोळ्यांपुढें दार असलेलें घर होतें, एवढेंच. परंतु जी सर्वांत अधिक संकटांत आहे, नेमकी तीच या जाळ्याच्या छिद्रांतून खालीं पडते.

ही कल्पनेंतील भीति नव्हे. दिल्लींत रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या एका दरिद्री स्त्रीला सूतिकागृहांत उपचार मिळाले नाहींत व तिला झाडाखालीं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, बाळंत व्हावें लागलें. तें प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढें गेलें. न्यायमूर्ति मुरलीधर यांनीं जून २०१० मध्यें निकाल देतांना स्पष्ट केलें कीं, माता व बालक यांचें आरोग्य आणि अन्न हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि त्या स्त्रीला भरपाई देण्याचा हुकूम केला. त्याच वर्षीं त्याच नगरांत दुसरी एक निराश्रित स्त्री मूल झाल्यावर थोड्याच दिवसांत रस्त्यावर मरण पावली. वृत्तपत्रांतील ती बातमी वाचून न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, आणि अशा गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांकरितां वेगळीं आश्रयस्थानें उघडण्यास सांगितलें. राजधानीच्या शहरांत, जेथें इस्पितळांची वाण नाहीं, तेथें असें घडलें. म्हणजे उणीव इमारतींची नव्हती. त्या स्त्रीपासून त्या इमारतीपर्यंत हात धरून नेणारें कोणी नव्हतें.

असे हात आपल्या महाराष्ट्रांत पूर्वीं निघाले होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. १८६३ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं येथें येऊन निर्भयपणें बाळंत व्हावें, अशीं पत्रकें त्यांनीं शहरांत लाविलीं. संकटांत सांपडलेली बाई आपण होऊन आपल्याला शोधीत येईल, अशी वाट ते पाहत बसले नाहींत. त्याच गृहांत जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनीं दत्तक घेतलें. तेच पुढें डॉक्टर यशवंत झाले. १८९७ सालीं प्लेगची सांथ आली, तेव्हां त्यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाईंनीं देह ठेविला. जें मूल जगाला नकोसें होतें, त्याच्याच हातून पुढें शेंकडों परक्या माणसांची सेवा घडली! त्याच सुमारास मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला असतां पंडिता रमाबाई स्वतः तेथें गेल्या, आणि उपाशी, निराधार मुली व स्त्रिया यांना बरोबर घेऊन आल्या; त्यांच्याकरितां केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. या थोर स्त्रियांचीं चरित्रें आपण वर्गांत वाचतों. त्यांतील मुख्य धडा हा कीं, त्या दार उघडून बसल्या नाहींत, दाराबाहेर पडल्या.

अलीकडच्या काळांत या धड्याला शास्त्राचाही आधार मिळाला आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेडास गेलें. त्यांनीं खेड्यांतील साध्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना गरोदर बाई कशी तपासावी, मुलाची निगा कशी राखावी हें शिकविलें. आणि त्या स्त्रिया आपल्या गांवांत घरोघर फिरूं लागल्या. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९९५ पासून ३९ गांवांत असाच प्रयोग केला. गांवांतीलच शिकविलेली स्त्री ठरलेल्या दिवशीं बाळंतिणीकडे जाई, मुलाचें वजन करी, श्वास मोजी, ऊब राखण्यास शिकवी आणि दुखणें ओळखून औषध देई. तीन वर्षांत तेथील नवजात बालकांचें मृत्यूचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या दुसऱ्या गांवांशीं ताडून पाहतां, ६२ टक्क्यांनीं उतरलें. तेथें मोठें यंत्र नव्हतें कीं मोठी इमारत नव्हती. ठरलेल्या दिवशीं परत येणारी एक बाई होती. आशेच्या सहा भेटींची पद्धत या अनुभवांतूनच निघाली आहे.

जें गडचिरोलीच्या रानांत साधलें, तें आपल्या शहरांतील पुलाखालीं कां साधूं नये? माझ्या मतें त्यासाठीं पांच गोष्टी कराव्या लागतील. पहिली, रस्त्यावरील स्त्रियांकडे सेविकेनें जावें तें सायंकाळीं अगर भल्या पहांटे. दिवसा त्या कामाला गेलेल्या असतात. दुसरी, दर वेळीं नवीं माणसें न जातां तीच सेविका जावी. कारण ज्या स्त्रीला वारंवार हुसकून दिलें जातें, तिचा विश्वास एका भेटींत बसत नाहीं. तिसरी, माता व बालक यांच्या कार्डावर पत्त्याच्या जागीं 'अमुक पुलाचा दुसरा खांब' असें लिहून चालावें, आणि ती दुसऱ्या भागांत गेल्यास तेथील सेविकेला तें कळविलें जावें. चवथी, दिवस भरत आल्यापासून बाळंतपणानंतर निदान चाळीस दिवसांपर्यंत तिला निवाऱ्यांत जागा मिळावी, आणि तेथें तिच्या नवऱ्यालाही राहूं द्यावें. केंद्र सरकारच्या २०१३ सालच्या योजनेंत शहरांतील दर लाख वस्तीमागें शंभर माणसांच्या निवाऱ्याची सोय करण्याचें मान ठरविलेलें होतें. परंतु बायका एकीकडे व पुरुष दुसरीकडे अशी व्यवस्था असेल, तर कुटुंब मोडण्यापेक्षां तें रस्ता पत्करतें. योसेफाला बाहेर ठेवून मरियेला आंत घेणारी उतारशाळा काय कामाची? पांचवी, मुलाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आंत करून दाखला आईच्या हातीं द्यावा. जन्मदाखला नाहीं म्हणून मुलाला शाळेंत प्रवेश नाकारूं नये, असें २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तरी दाखल्यावांचून पावलोपावलीं अडणाऱ्या माणसाचे हाल आपण जाणतों.

यावर आक्षेप येतात. पहिला असा कीं, अशा सोयी केल्यानें लोक आळशी होतील व रस्त्यावर गर्दी वाढेल. कोणती स्त्री आळसासाठीं रस्त्यावर बाळंत होण्याचें पत्करील, हें आक्षेप घेणारांनीं आपल्या घरांतील मातांना विचारून पाहावें. दुसरा आक्षेप, "पोसण्याची ऐपत नाहीं तर मूल कशाला?" हा प्रश्न कठोर आहे, परंतु तो कोणाला विचारावयाचा? पोटांतील बाळानें तर आपली जन्मभूमि निवडलेली नाहीं. शिवाय पुढील मूल केव्हां व्हावें, व्हावें कीं न व्हावें, हा सल्ला व त्याचीं साधनें या आईला मिळावयाचीं तींही त्याच सेविकेच्या हातून. जी तिच्याकडे जातच नाहीं, ती सल्ला कसा देणार? तिसरा आक्षेप दयाळू लोकांचा आहे. ते म्हणतात, मुलाला अनाथाश्रमांत ठेवावें म्हणजे त्याचें तरी कल्याण होईल. पण आई जिवंत असून, मुलावर जीव टाकीत असतां, केवळ ती गरीब म्हणून मुलाला पोरकें करणें ही दया नव्हे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेंही संस्थेंत ठेवणें हा शेवटला उपाय मानिला आहे. आई सांभाळली म्हणजे मूल सांभाळलें जातें.

विद्यार्थी मित्रांनो, हें काम सरकारचें व डॉक्टरांचें आहे, त्यांत आम्ही मुलें काय करणार, असें म्हणूं नका. रस्त्यावर अशी बाई दिसली, तर तुमच्या आईला किंवा वडिलांना बरोबर घेऊन तिच्यापाशीं जा. तिला नमस्कार करा. तिचें नांव विचारा. कितवा महिना आहे, तपासणी झाली आहे काय, हें तुमच्या आईनें विचारावें. जवळच्या अंगणवाडींत अगर आरोग्य केंद्रांत जाऊन तिचें नांव व जागा कळवा, आणि आठवड्यानें पुन्हा जाऊन कोणी आलें होतें कीं नाहीं तें पाहा. तिला कळा येत असतील, रक्त जात असेल किंवा झटके येत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावतां १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करून गाडी बोलवा, आणि गाडी येईपर्यंत तेथून हलूं नका. तिचें छायाचित्र काढूं नका; तुमच्या घरांतील बाळंतिणीचें कोणी परक्यानें काढलेलें तुम्हांला खपेल काय?

पालकांनाही एक विनंती आहे. पुष्कळ कनवाळू माणसें अशा आईला दुधाच्या भुकटीचा डबा व बाटली नेऊन देतात. हेतु चांगला, पण परिणाम घातक. जेथें स्वच्छ पाणी नाहीं, बाटली उकळण्यास चूल नाहीं, तेथें त्या बाटलीनें मुलाला हगवण लागते. आणि बाटलीची संवय झाली म्हणजे आईचें दूधही आटतें. मुलाला पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून कांहीं नको. तेव्हां मुलाला डबा न देतां आईला जेवण द्या: भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडें, शेंगदाण्याचा गूळ घातलेला लाडू. मूल लहानखुरें असेल, तर आईनें त्याला उघड्या छातीशीं कातडीला कातडी लावून वर लुगड्यानें गुंडाळून ठेवावें. आईच्या उबेसारखी दुसरी ऊब नाहीं, आणि तिला पैसाही पडत नाहीं. बापालाही तसेंच मुलाला छातीशीं धरतां येतें, हें त्या बापाला कोणीं तरी सांगावें. घटकाभर मूल बापाकडे गेलें, तर त्या थकलेल्या आईचा डोळा लागेल.

यंदाचा नाताळ जवळ येत आहे. आमचे विद्यार्थी पुन्हा चादरी गोळा करितील, आणि त्यांनीं त्या अवश्य कराव्या. थंडीला तत्त्वज्ञान कळत नाहीं. परंतु या वर्षीं आम्ही चादरींबरोबर एक वही नेणार आहों. तींत प्रत्येकाचें नांव, जागा व काय हवें आहे तें लिहूं. गरोदर स्त्री आढळल्यास दुसऱ्याच दिवशीं आरोग्य केंद्रास कळवूं. आणि जानेवारींत, फेब्रुवारींत, मार्चांत त्याच वाटेनें पुन्हा जाऊं. वही सांभाळण्याचें काम ज्या मुलीनें मला प्रश्न विचारला तिच्याकडे दिलें आहे. पुलाखालच्या त्या स्त्रीला मुलगा झाला कीं मुलगी, तें मूल आज कोठें आहे, हें आम्हांला बहुधा कधींच कळणार नाहीं. परमेश्वर त्या तिघांना सुखरूप ठेवो. मात्र तो प्रश्न पुन्हा कोणीं विचारला असतां, आमच्यापैकीं कोणालाही माझ्यासारखें खालीं पाहावें लागूं नये, एवढें आमच्या हातीं आहे.